एका डीपीवर चाळीस घरं

माझे वडील एसटीत ड्रायव्हर होते. शहापूर आणि मुरबाड या दोन डेपोंमध्येच त्यांची सगळी नोकरी गेली. डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसई हे त्यांचे रस्ते. पॅसेंजरला मध्येच रस्त्यात उतरवायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात तीनदा आली. त्या तिन्ही जागा त्यांना पाठ होत्या. कुठलं वळण, काय तुटलं, गाडीत कोण कोण होतं, पुढे ते लोक घरी कसे पोचले, हे सगळं ते सांगत. तिसऱ्या वेळी गाडीत एक लेकुरवाळी होती, तिचं सांगताना त्यांचा आवाज अजूनही उतरायचा. बाकी नोकरीबद्दल ते फारसं बोलत नसत.

आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी लग्न केलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघंच. किन्हवलीपासून तीन किलोमीटर आत आमची वाडी आहे, चाळीस घरांची. मी धसईच्या शाळेत शिकवते. बाबांनी सत्तरी ओलांडली आणि त्यांचे पाय सुजायला लागले. आधी आम्ही ते वयावर ढकललं. मग जेवण जाईना, दम लागायला लागला, आणि तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनी सांगितलं की दोन्ही किडन्या जवळजवळ बंद पडल्यात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, तेही कायमचं. जवळपास कुठे जागा मिळाली नाही, सगळीकडे आमच्या आधीची नावं होती. कल्याणच्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली, सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी अकरा ते तीन.

मी शाळेतून बिनपगारी रजा घेतली. वाडीपासून कल्याण पन्नास किलोमीटर, आणि तेवढंच परत. पहिला महिना आम्ही ओळखीच्या एका जीपने गेलो. जीपवाला भला माणूस होता, पण गाडी जुनी. डायलिसिस झालं की बाबा पिळून काढल्यासारखे व्हायचे, थंडी वाजायची, पायात गोळे यायचे, आणि त्यात डिझेलचा वास नाकात गेला की ओकाऱ्या सुरू. ज्या माणसाने उभा जन्म डिझेलच्या वासात काढला, तो मुरबाडच्या अलीकडे जीप थांबवून रस्त्याच्या कडेला वाकून बसायचा. पाठीवरून हात फिरवत मी बाजूला उभी असायची. एकदा ते म्हणाले, "वास तोच हाये गो. माणूस बदलला."

त्याच दिवसांत मुरबाडला शिक्षकांच्या एका कार्यक्रमाला गेले होते, तेव्हा ओळखीच्या एक बाई मला त्यांच्या नव्या इलेक्ट्रिक गाडीतून सरळगावपर्यंत सोडायला आल्या. वास नाही, हादरे नाहीत, आवाज नाही. मी सबंध रस्ता फक्त बाबांचा विचार करत होते. पुढच्याच आठवड्यात कल्याणच्या शोरूममध्ये गेले. तिथल्या विक्रेत्याला मी तीनदा विचारलं की आमच्याकडे खेड्यात चार्जिंगचं कसं. तो म्हणाला, "मॅडम, घरच्या प्लगला लावायची. मोबाइलसारखी. रात्री लावा, सकाळी फुल." मी विश्वास ठेवला. तो खोटं बोलत होता असं मला आजही वाटत नाही. तो राहत असेल त्या इमारतीत ते खरंच असेल.

कंपनीचा माणूस घरी येऊन ओटीच्या भिंतीवर चार्जिंगची पेटी बसवून गेला. अंगणात खड्डा खणून, कोळसा आणि मीठ घालून त्याने अर्थिंग केलं. मीटर लावून व्होल्टेज बघितलं आणि म्हणाला, ठीक आहे. तेव्हा डिसेंबर होता.

गाडी आली त्या दिवशी बाबा काठी टेकत अंगणात आले आणि डाव्या बाजूच्या सीटवर बसले. मी बटण दाबलं.

"चालू कर की," ते म्हणाले.

"चालूच आहे बाबा."

"मंग आवाज?"

"हिला आवाज नसतो."

"आवाज नाय तं गाडीला काय दुखतंय ते ड्रायव्हरला कळायचं कसं?"

पण दोन-तीन फेऱ्यांत त्यांनी गाडी ओळखली. पुढच्या पडद्यावर बॅटरी किती उरली ते टक्क्यांत दिसायचं. बाबांनी त्याचा ठोकताळा बांधला. सपाट रस्त्याला एका टक्क्यात दोन किलोमीटर, चढाला कमी, एसी लावला की आणखी कमी. उताराला पाय काढला की बॅटरी थोडी भरते हे कळल्यावर तर ते खूश झाले. "काढ पाय. काढ, काढ. बघ, वाढला का नाय एक?" डायलिसिस सुरू झाल्यापासून मिटलेला माणूस परत ड्रायव्हरशेजारी बसून ड्रायव्हिंग करायला लागला. ब्रेक उशिरा मारला की त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला जायचा.

डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. आमचे चांगले दिवस तेवढेच. परतीच्या वाटेवर ते तोंड उघडं टाकून झोपायचे, ओकारी नाही, काही नाही. सरळगावला मी गाडी थांबवायची आणि वडापाव घ्यायची. त्यांना मीठ चालत नव्हतं, पाणीसुद्धा मोजून. ते म्हणायचे, "तू खा, मी बघतो." आणि खरंच बघायचे. "मिरची तळलेली हाये काय? कुरकुरीत?" मी हो म्हटलं की समाधानाने मान हलवायचे. घरी आल्यावर पेटीचा दिवा हिरवा लागायचा आणि सकाळी गाडी भरलेली असायची.

मार्च लागला आणि भेंडीचे पंप सुरू झाले.

आमच्याकडे भात निघालं की ज्यांच्याकडे पाणी आहे ते भेंडी लावतात. दर दोन दिवसांनी तोडा, की टेम्पो भरून माल बाहेर जातो. वाडीतल्या निम्म्या घरांचा वर्षाचा आधार तो. त्या वर्षी वाडीत नऊ पंप होते. वाडीच्या तोंडाशी खांबांवर बसवलेला जो ट्रान्सफॉर्मर आहे, ज्याला आम्ही सगळे डीपी म्हणतो, त्याच्यावर हे नऊ पंप, चाळीस घरं आणि एक पिठाची गिरणी. पंप सुरू झाले की दिवे पिवळे व्हायचे आणि आमच्या पेटीचा दिवा लाल. गाडी चार्जिंग घ्यायचीच नाही. कधी रात्रभर लावून चार टक्के भरायचे, कधी अकरा.

मी वायरमनला बोलावलं. शेजारच्या गावचाच, पन्नाशीचा माणूस. त्याने मीटर लावून बघितलं आणि तो मला दाखवला. दोनशेतीस पाहिजे तिथे एकशेपासष्ट.

"ताई," तो म्हणाला, "हा डीपी बसवला तवा वाडीत दोन पंप होते. तुमची गाडी म्हंजे दहावा पंप समजा. तोबी दहा तास चालणारा."

"मग उपाय काय?"

"नवा डीपी. नायतर गाडी दुसरीकडं न्या भरायला." मग म्हणाला, "अर्ज करा. मी खोटं कशाला सांगू, माझ्या हातात नाय."

मी अर्ज केला. तालुक्याला लाईटच्या ऑफिसात त्या उन्हाळ्यात पाच वेळा गेले. कोणी मला हाकललं नाही. तिथल्या साहेबांनी एकदा चहा पाजला, माझं सगळं ऐकून घेतलं, बाबांच्या हॉस्पिटलचे कागद स्वतः वाचले. मग म्हणाले की एका गाडीसाठी डीपी मिळत नाही, वाडीचा भार वाढला म्हणून प्रस्ताव पाठवावा लागेल, त्याचा सर्वे होईल, मंजुरी येईल, मग यादीत नंबर लागेल. "किती दिवस?" मी विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. तेवढ्यावरून मला कळलं.

बाबा आत मशीनवर असतात त्या चार तासांत कल्याणलाच गाडी भरावी, हे सरळ होतं. हॉस्पिटलात सोय नव्हती. तीन किलोमीटरवर एका पेट्रोलपंपाच्या मागे जलद चार्जिंगचं मशीन होतं. त्याच्या दोन नळ्यांपैकी एक कायम बंद, आणि दुसरीसमोर भाड्याच्या गाड्यांची रांग. ते ड्रायव्हर तिथेच सीट मागे टाकून झोपायचे, त्यांचंही पोट त्याच नळीवर. मी दीड-दोन तासांनी नंबर लागेपर्यंत बसायची. असं पाच-सहा वेळा केलं. एप्रिलमध्ये एकदा माझा नंबर लागला, नळी जोडली आणि दहा मिनिटांत हॉस्पिटलातून सिस्टरचा फोन आला. "तुमच्या वडिलांचं बीपी पडलंय. तुम्ही कुठे आहात?"

नळी काढून मी निघाले. दुपारचं कल्याण, तीन किलोमीटरला पाऊण तास. पोचले तेव्हा बाबा शुद्धीवर आले होते. पाय वर केलेले, तोंड पांढरं. मला बघून त्यांनी आधी विचारलं, "किती भरली?"

"चाळीस."

"पुरंल," ते म्हणाले आणि डोळे मिटले.

सिस्टर मला बाहेर घेऊन गेली. पेशंटबरोबर कोणीतरी हवंच, असं तिने स्पष्ट सांगितलं. त्यानंतर मी त्यांना सोडून गाडी भरायला गेले नाही.

राहिलं आमचं घर आणि आमची वाडी. मी रात्री उशिरा गाडी लावून बघितली, पण पंपांना लाईट एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री असते. रात्रीचा आठवडा आला की तेही बंद. मग जेव्हा कधी दिवा हिरवा दिसेल तेव्हा मी लावायला लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी समोरच्या घरातली वहिनी अंगणात येऊन उभी राहिली. तिची सून बाळंत होऊन दहा दिवस झाले होते.

"ताई, गाडी लावलीय काय?"

"हो. का गो?"

"नाय, काय नाय. पंखा फिरंना म्हणून इचारलं. बाळाला घाम येतोय." ती ओशाळली होती. "लावा तुमी. बाबांना जायचंय ना उद्या. आमी हातानं घालू वारा."

बाबा ओटीवर खुर्चीत बसले होते. वहिनी गेली तशी ते उठले. सुजलेल्या पायांनी, भिंतीला धरून पेटीपर्यंत गेले आणि त्यांनी पिन ओढून काढली. आठवड्यात पहिल्यांदा दिवा हिरवा होता.

"बाबा, उद्या कल्याणला जायला पुरणार नाही."

"नाय पुरली तं नाय पुरली. दहा दिसांच्या पोराचा वारा काढून मला कुठं जायचंय?"

मी रागावले. त्यांच्या अंगात पाणी साठलं तर काय होतं ते मी डॉक्टरांकडून ऐकलं होतं, त्यांनीही ऐकलं होतं. मी ते सगळं परत बोलले, मोठ्याने बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पिन माझ्या हातात दिली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपने गेलो. येताना ते मुरबाडपर्यंत चार वेळा ओकले.

ही गोष्ट वाडीत पसरली. दोन दिवसांनी देवळासमोर माणसं जमली, मला बोलावलं. मला वाटलं गाडीची तक्रार असेल. पण गिरणीवाला म्हणाला, डायलिसिसच्या आदल्या दिवशी मी संध्याकाळी पाचलाच गिरणी बंद करतो. पंपवाल्या नऊ घरांनी आपसात ठरवलं की रविवार, मंगळवार, गुरुवार या तीन रात्री कोणी पंप चालू करायचा नाही. एक म्हातारे शेतकरी म्हणाले, "तुझ्या बापानं माझ्या बायकोला पावसात डेपोच्या पुढं दवाखान्यापर्यंत गाडी नेऊन सोडलीय. एवढं काय?" मला रडायला आलं. कोणाशी भांडायचं असतं तर सोपं गेलं असतं.

पंधरा-सोळा दिवस वाडीने ते पाळलं. गाडी भरायची, पूर्ण नाही, पण जाऊन येण्यापुरती. पण त्यात पंपांचा रात्रीच्या लाईटचा आठवडा आला, आणि मेचं ऊन थांबायला तयार नव्हतं. एका सकाळी कल्याणला निघताना बाबांनी गाडी नाल्याजवळ थांबवायला लावली आणि काच खाली घेतली. समोरच्या वहिनीचं भेंडीचं शेत होतं. पानं लोंबलेली, फुलं गळून सऱ्यांत पडलेली. वहिनीचा नवरा डब्याने विहिरीतलं पाणी झाडाच्या बुंध्याशी घालत होता. आम्हाला बघून त्याने हात वर केला, "निघालात? बरं, बरं."

त्या दिवशी पूर्ण रस्ता बाबांनी पडद्याकडे बघितलं नाही. संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी गिरणीवाल्याला आणि वहिनीच्या नवऱ्याला बोलावून सांगितलं की पंप चालू करा. मला म्हणाले, आता दोनच दिवस जायचं, हॉस्पिटलात सांगून सोमवार-बुधवारऐवजी मंगळवार घे, आणि शुक्रवार आहेच. तेवढ्यात जशी भरेल तशी भरेल.

डॉक्टर म्हणाल्या, "आजोबा, तीन म्हणजे तीन." बाबा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमचं बरोबर हाये. पण आमचं दोनच जमतं." मी तिसऱ्या दिवसासाठी जीप ठरवली तर ते सकाळी अंगणातच बसून राहिले, उठलेच नाहीत. मी जबरदस्ती करायला हवी होती का, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं आहे.

पावसाळा आला. पंप बंद झाले, व्होल्टेज सुधारलं, मला वाटलं आता सुटलो. पण पावसात आमच्याकडे लाईटच राहत नाही. जुलैमध्ये एका शुक्रवारी आम्ही कल्याणहून आलो तेव्हा बॅटरीत तीस टक्के उरले होते. त्याच संध्याकाळी वाऱ्याने झाडं पडून लाईन तुटली. शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारी वायरमन कमरेभर पाण्यातून खांब बघत फिरताना दिसला. मंगळवारी सकाळीही लाईट नव्हती. बाबांच्या वजनकाट्यावर साडेतीन किलो वाढलेले, चेहरा सुजलेला. जीपवाल्याला फोन केला तर तो भाडं घेऊन नाशिकला गेलेला. दुसरा एक म्हणाला, दुपारी दोननंतर येतो.

तीस टक्क्यांत कल्याण गाठणं म्हणजे जुगार होता. पण शहापूरजवळ हायवेला एका हॉटेलच्या आवारात चार्जिंगचं मशीन आहे, आणि किन्हवलीच्या नाक्यावर रेंज आल्यावर ॲपमध्ये ते चालू दिसलं. शहापूरला जाऊन तासभर भरायची आणि पुढे निघायचं असं ठरवून आम्ही निघालो. पाऊस जोराचा. सापगावच्या पुलाखाली नदी लाल, फुगलेली. बाबा पडद्याकडे बघत होते. "अठरा," हॉटेलच्या आवारात शिरताना ते म्हणाले.

मशीनचा पडदा काळा होता. हॉटेलचा मॅनेजर छत्री घेऊन धावत आला. "ताई, त्यात पाणी शिरलंय. चार दिवस बंद आहे."

"ॲपवर चालू दाखवतंय."

"ॲपवर दाखवतं हो. रोज दोघंतिघं येऊन परत जातात." त्याने गाडीत डोकावून बाबांना बघितलं आणि त्याचा चेहरा बदलला. किचनमधून लांब वायर काढून देतो म्हणाला. जनरेटरवरच्या सॉकेटला मी गाडीत ठेवलेल्या सुट्या चार्जरची पिन लावून बघितली. दिवा लाल. अर्थिंग नव्हतं, आणि त्याशिवाय गाडी चार्जिंग घेत नाही. त्याने दुसरं सॉकेट बघितलं, तिसरं बघितलं, त्याच्या शर्टातून पाणी निथळत होतं. मी इकडे शहापुरातल्या दोन भाड्याच्या गाडीवाल्यांना फोन करत होते. एक उचलेना. दुसरा म्हणाला, हायवे भिवंडीच्या अलीकडे तुंबलाय, तीन तास लागतील. हॉस्पिटलात फोन केला. तीन तासांनी आलात तर आजची जागा राहणार नाही, सिस्टर म्हणाली, उद्या दुपारी एक तासाभराची जागा करून बघते.

मी गाडीत येऊन बसले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. पावसाचा आवाज एवढा होता की माझं रडणं त्यांना ऐकू गेलं नसेल असं मला वाटलं.

बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात फुगलेला, गार. "ही चौथी," ते म्हणाले.

"काय चौथी?"

"गाडी मध्येच ऱ्हायलेली." मग म्हणाले, "पण तू मला उतरवलं नायस. बसवून आणलंस, बसवून ने. चल."

परत जायला जेमतेम पुरणार होतं, म्हणून मी एसी, पंखा सगळं बंद केलं. काचेवर आतून वाफ धरायला लागली. बाबांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि शहापूर ते वाडी, सगळा रस्ता, पुढे वाकून माझ्या समोरची काच पुसत राहिले. त्यांना दम लागत होता. मी नको म्हटलं की ते म्हणायचे, "तू रस्ता बघ." अंगणात गाडी उभी केली तेव्हा पाच टक्के उरले होते.

दुसऱ्या दिवशी जीप मिळाली आणि आम्ही कल्याणला पोचलो. त्यांच्या छातीत पाणी भरलं होतं. दोन दिवस ठेवून घेतलं. त्यातून ते उठले, पण त्यांच्यातलं काहीतरी त्या दिवसापासून निघून गेलं. दोनाचं एक झालं. शुक्रवारी जायचं, मंगळवारी ते सकाळपासून भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. गाडी तेव्हा भरलेलीही असायची कधी कधी. मी सांगायची, "बाबा, आज ऐंशी आहेत." ते म्हणायचे, "राहू दे भरलेली. कोणाला अडलं-नडलं तर ने." आणि एकदा नेलंसुद्धा. गिरणीवाल्याच्या बायकोला विंचू चावला तेव्हा मी तिला शहापूरला सोडलं. घरी येऊन सांगितल्यावर बाबांच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी हसू दिसलं. "किती लागले?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चोवीस. त्यांनी हिशेब करून मान डोलावली.

भादव्यात, भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायची होती, तेव्हा ते गेले. गुरुवारी दुपारी, ओटीवरच्या कॉटवर, पाठीला तीन उशा लावून बसल्या बसल्या. मी त्यांच्यासाठी मोजून अर्धा पेला पाणी आणायला आत गेले होते.

पुढे कागदपत्रांसाठी कल्याणला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. तीन दिवस गेलो असतो तर? त्या बाई प्रामाणिक होत्या. म्हणाल्या, "हृदय कमजोर होतंच. पण सांगता येत नाही." मला त्या 'पण'चा राग आला नाही. तोच शब्द माझ्याही मनात होता.

वाडीचा डीपी तोच आहे. प्रस्ताव कुठे आहे ते विचारायला मी नंतर एकदा गेले, तर साहेब बदलून गेले होते आणि नव्या माणसाला फाइल सापडेना. त्याने परत अर्ज करायला सांगितलं. मी केला नाही. वाडीतल्या एका तरुण शेतकऱ्याने या वर्षी दहावा पंप बसवला, आणि त्यात त्याची चूक आहे असं मला म्हणता येत नाही.

दिवाळीनंतर मी गाडी विकली. ठाण्याहून एक जोडपं बघायला आलं होतं. त्यांच्या इमारतीत खाली प्रत्येक गाडीला वेगळं चार्जिंग आहे, असं ती बाई सहज सांगत होती. त्यांनी मला विचारलं, गाडी चांगली आहे ना? मी म्हटलं, चांगली आहे, गाडीचा काही दोष नाही. ते खरंच होतं. त्यांनी डाव्या सीटची जागा मागेपुढे करून बघितली आणि विचारलं, ही इतकी मागे का सरकवलीय? मी सांगितलं, पाय लांब करून बसायला लागायचं. त्यांनी पुढे विचारलं नाही.

रजा संपली होती. सोमवारी सकाळी मी किन्हवलीच्या नाक्यावर जाऊन उभी राहिले. सरळगावला गाडी बदलून धसईला पोचेपर्यंत पहिला तास होऊन गेला होता. माझ्या चौथीच्या वर्गावर दुसऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांनी हजेरीपट माझ्या हातात दिला, आणि मी फळ्यावर तारीख लिहिली.